एकसष्ट जणींची हजेरी

किलवारा
११ ऑक्टोबर १९७६

प्रिय इमेल्डामावशी,

तुझी खुर्ची, तुझी शिट्टी आणि तुझं मस्टर, तिन्ही आता माझ्या ताब्यात आली. मला सुपरवायझर केलंय. तुला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी शर्टाच्या कारखान्यातल्या बायका अजून तुझ्याच नावाला घाबरतात. मी ओरडले की लिल फाही म्हणते, "नोरीन, घसा कशाला सुकवतेस? नुसतं 'मावशीला कळवीन' म्हण, पुरे."

आज माझी पहिली आगीची कवायत झाली. शिट्टी वाजवली, मशिनी बंद केल्या, तिसऱ्या मजल्यावरून सगळ्या जणी पुढच्या जिन्यानं अंगणात उतरल्या. सहा मिनिटं लागली. अर्ध्या जणी कोट घ्यायला परत वळल्या, त्यांना झापलं. मग मस्टर उघडून नावं वाचली. माझं धरून एकसष्ट नावं, एकसष्ट "हजर". मी मस्टर मिटलं आणि मिटल्यावर आणखी एकदा आवाज आला, "हजर."

कोवळा आवाज, धावत आल्यासारखा धापा टाकणारा. मी म्हटलं, "कुठल्या शहाणीची थट्टा ही?" सगळ्या हसल्या, एकमेकींकडे बघू लागल्या. एकटी लिल हसली नाही.

थट्टाच असणार. पण दुसरी गोष्ट थट्टेची नाही. मागच्या जिन्याच्या दाराला साखळी आणि कुलूप आहे, आणि समोर कापडाचे तागे रचलेत. वर 'बाहेर जाण्याचा मार्ग' ही लाल पाटी मात्र जागेवर. मी लॅव्हेलसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "वारा येतो, कबुतरं शिरतात. किल्ली माझ्या खणात आहे. आग लागली की या, देतो."

तुझ्या वेळी त्या दाराला कुलूप असायचं का गं?

तुझी नोरीन

---

ट्रॉनमोर
१५ ऑक्टोबर

नोरीन,

आग लागली की या, देतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा घरमालकिणीला वाचून दाखवलं, तिचा चहा सांडला. हा मॅनेजर बुडत्या माणसाला विचारेल की दोरीसाठी अर्ज केला होता का.

पुढचा जिना इस्त्रीखात्याला लागून आहे. आग लागणार तर तिथेच लागणार, आणि लागली की पहिला तो जिना जाणार. मग एकसष्ट जणींनी काय करायचं? लॅव्हेलच्या खणाची वाट विचारायची?

मागचा जिना लोखंडी आहे. बेचाळीस पायऱ्या, वरपासून खालपर्यंत पत्र्याच्या खोक्यात बंद, खाली नदीकाठच्या पायवाटेवर उतरतो. आत उजेड नाही, पण त्याची गरजही नाही. मी प्रत्येक पोरीकडून पहिल्या दिवशी घोकवून घेत असे: धुरात बघायला थांबायचं नाही. दार उघडलं की उजवा हात भिंतीला, पाय खाली, आणि चालू पडायचं. तूही घोकवून घे.

शाळेत नन्सनी मला दोनच गोष्टी धड शिकवल्या, सुवाच्य अक्षर आणि माणसांना न भिणं. दोन्ही आता उपयोगी पडतील. सगळ्या बायकांची पूर्ण नावं एका कागदावर लिहून पाठव. मी जिल्हा कार्यालयाला लिहिते. साठ बायका असं लिहिलं की कारकुनाला ते ओझं वाटतं. नाव लिहिलं की बाई दिसते.

त्या आवाजाबद्दल म्हणशील तर बायका मेंढरांसारख्या उभ्या राहिल्या की एखादी दोनदा ओरडतेच.

इमेल्डामावशी

---

किलवारा
२४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

नावं सोबत पाठवते आहे. माझं शेवटी आहे.

परवा पुन्हा कवायत घेतली. तागे हलवले, पण साखळी तशीच. या खेपेला मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून नाव वाचलं. एकसष्ट. मस्टर मिटलं. आणि पुन्हा, "हजर." एकीचेही ओठ हलले नव्हते, मावशी. आवाज अंगणातूनही आला नाही. वरून आल्यासारखा वाटला, पण वर कोणीच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत लिलला गाठलं. ती सोडा-ब्रेडला लोणी लावत होती, मान वर न करता म्हणाली, "डीलिया मुलर्न असेल."

"ही कोण?"

"कॉलर शिवायची. माझ्या शेजारच्या मशीनवर. कायम उशिरा यायची. सकाळच्या हजेरीला तिच्या नावाला आम्हीच कोणीतरी 'हजर' म्हणायचो. कधी मी, कधी ॲग्नेस."

"आणि मग?"

"मग मेली. पुढचं तुझ्या मावशीला विचार."

म्हणून विचारते. आणि दाराच्या कुलुपाचं विचारलं होतं, त्याचंही उत्तर तू दिलं नाहीस. विसरली असशील.

लॅव्हेलसाहेबांना पुन्हा साखळीबद्दल बोलले. म्हणाले, "नोरीन, तू सुपरवायझर आहेस की बंबवाली?" ॲग्नेस मागून म्हणाली, "बंब आपल्याकडे नाहीच साहेब, म्हणून ती दोन्ही आहे."

तुझी नोरीन

---

ट्रॉनमोर
२७ ऑक्टोबर

नोरीन,

यादी मिळाली. जिल्हा कार्यालयाला आज तिसरं पत्र टाकलं. पहिल्या दोन्हींची पोच नाही.

डीलिया मुलर्न १९४९ साली वारली. तिची छाती अशक्त होती. लिलला म्हणावं, जुनं उकरण्यापेक्षा शिलाई सरळ घाल, तिच्या बाह्या मला माहीत आहेत.

दार उघडून घे. बाकी सगळं नंतर.

इमेल्डामावशी

---

किलवारा
८ नोव्हेंबर

मावशी,

नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. दरवर्षीसारखी मी आईबाबांची नावं कागदावर लिहिली, पाकिटात घातली आणि चर्चमध्ये वेदीवरच्या पेटीत टाकली. सगळं गाव टाकतं. काल रविवारी प्रार्थनेनंतर फादरांनी एक पाकीट उघडून वाचायला घेतलं. फादर नवे, दोन महिन्यांपूर्वी आलेले. गावात कोण जिवंत आणि कोण गेलेलं, त्यांना काय कळणार.

"ॲग्नेस बोलँड," त्यांनी वाचलं. ॲग्नेस माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. तिनं मागे वळून बघितलं. मग "ब्रिजी कॉनीली". मग "लिल फाही". त्यांच्या आत्म्यांना शांती लाभो, असं प्रत्येक नावामागे. चर्चभर बायका आपलं नाव ऐकत गेल्या आणि पांढऱ्या पडत गेल्या. ब्रिजीची सासू रडायला लागली. कोणी उठून बोललं नाही, कारण वेदीसमोर कोण बोलणार? शेवटचं नाव माझं. मी माझ्याच आत्म्याच्या शांतीसाठी "आमेन" म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं.

नंतर आत जाऊन तो कागद मागून घेतला. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. कागद माझ्या अक्षरातला आहे, मावशी. तो मी एकाच माणसाला पाठवला होता.

आज सकाळी एकही बाई वर गेली नाही. सगळ्या अंगणात उभ्या, शाली ओढून. लॅव्हेलसाहेब खिडकीतून ओरडले, "नाताळची ऑर्डर आहे, कळतंय का?" लिल म्हणाली, "मेलेल्या बायका शिवत नसतात, साहेब." एरवी हसल्या असत्या. आज कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्या पत्र्याच्या खोक्याकडे होत्या. आजवर मागचं दार कोणी मनावर घेत नव्हतं. आता दुसरं काही बोलतच नाहीत.

तू हे का केलंस, ते मला थोडं कळतं. पण रात्री डोळे मिटले की फादरांचा आवाज ऐकू येतो. मला सगळं खरं सांग.

नोरीन

---

ट्रॉनमोर
१० नोव्हेंबर

नोरीन,

हो, मी केलं. तीन पत्रांना सरकारनं उत्तर दिलं नाही, म्हणून देवाच्या टपालात टाकलं. जिवंत बायकांसाठी कोणी खुर्चीतून उठत नव्हतं, मेलेल्यांसाठी अख्खं गाव गुडघे टेकतं. ब्रिजीच्या सासूची मी माफी मागेन. बाकी कोणाची नाही. तुझी मात्र मागते, तुझं नाव त्यात होतं आणि मी ते खोडलं नाही. खोडलं असतं तर बाकी साठ जणींनी तुलाच धरलं असतं.

आता खरं. मला नवीनच सुपरवायझर केलं होतं. पोरी मागच्या जिन्यात बसून सिगारेटी ओढत. मला ते खपलं नाही. साखळी मी मागितली, मॅनेजरनं नाही. किल्ली मी कमरेला, जपमाळेशेजारी लावून फिरत असे, आणि मला त्याचा तोरा होता.

१९४९ च्या फेब्रुवारीत इस्त्रीखात्यात चिंध्या पेटल्या. आग लहान, धूर फार. पुढच्या जिन्यानं सगळ्या खाली आल्या. मी अंगणात नावं वाचली. प्रत्येक नावाला "हजर" आलं. डीलियाच्याही. मी मस्टरवर खूण केली आणि सांगितलं, सगळ्या आहेत, वर कोणी जाऊ नका. बंबवाल्यांनी दोन तासांनी तिला खाली आणलं. मागच्या दारापाशी सापडली, साखळीला दोन्ही हातांनी धरून. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. डॉक्टरांनी छातीचं लिहिलं, सगळ्यांनी मान्य केलं, मीसुद्धा.

तिच्या नावाला कोण "हजर" म्हणालं, ते मी कधी विचारलं नाही. सवयीनं म्हणाली असेल एखादी, रोजच्यासारखी. विचारलं असतं तर त्या पोरीनं मला विचारलं असतं, कुलूप कोणाचं?

दुसऱ्या दिवशी मी साखळी काढली आणि निवृत्त होईपर्यंत पुन्हा लागू दिली नाही. ती लॅव्हेलनं परत लावली. आता वाट बघू नकोस. तोडायची तर तोड. दार उघडलं की सगळ्या जणींना एकदा त्या जिन्यानं खाली उतरव, म्हणजे पायांना वाट कळेल. पुढे तू चाल. थांबू नकोस, बघू नकोस. उजवा हात भिंतीला.

इमेल्डामावशी

---

किलवारा
१६ नोव्हेंबर

मावशी,

हे पत्र बसून वाच.

काल लॅव्हेलसाहेब डब्लिनला गेले होते. लिलचा नवरा लोहार, तो कातर घेऊन आला आणि साखळी तोडली. दार फुगलं होतं, आम्ही दोघांनी खांदा लावला तेव्हा उघडलं. तो म्हणाला, "मी खाली जाऊन पायवाटेवर उभा राहतो, तुम्ही या," आणि पुढच्या जिन्यानं गेला.

मी शिट्टी वाजवली. दाराशी मी, मागे लिल, मागे बाकीच्या, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. समोर काळोख, डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा. वास गंजाचा आणि पाण्याचा. तू सांगितलं होतंस तसा उजवा हात पत्र्याला लावला आणि पाय उचलला.

तेवढ्यात खालून कोणीतरी वर यायला लागलं.

लोखंडी पायऱ्यांवर बुटांचा आवाज, मावशी. भरभर, एखादीला उशीर झाल्यासारखा. मी पाय मागे घेतला. आपल्याकडे कोणी जिन्यात कोणाला ओलांडत नाही, अपशकुन असतो. येणाऱ्याला आधी येऊ द्यायचं. मी बाजूला झाले. लिलला वाटलं तिचा नवराच आला. ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, "ये बाबा लवकर, साठ जणी खोळंबल्यात."

आवाज अगदी माझ्या पायाशी आला आणि थांबला. धाप ऐकू येत होती. आम्ही थांबलो. ती वर येईना, खाली जाईना. किती वेळ गेला कोण जाणे. मागून ॲग्नेस म्हणाली, "काय झालं गं, मुहूर्त बघताय?"

मग खूप लांबून, नदीकडून, लिलच्या नवऱ्याची हाक आली, "उतरताय ना?"

लिलनं एप्रनमधून दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्या पुढ्यात काळोखात सोडलं. पायरीवर आपटल्याचा आवाज आला नाही. कशावरच आपटल्याचा आला नाही. मग पाणी वाजलं.

काडी ओढली. पायऱ्या नाहीत, मावशी. एकही नाही. उंबऱ्यापुढे भिंतीतले खिळे तेवढे दिसतात, आणि खाली थेट खोक्याच्या तळात शिरलेलं नदीचं पाणी. बाहेरचं पत्र्याचं खोकं तसंच ठेवून आतला जिना काढून नेलाय.

मी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून खाली बसले. माझ्यामागे साठ जणी एकमेकींना धरून उभ्या होत्या. मी गेले असते तर एकेक करून सगळ्या गेल्या असत्या. कोणीही बघायला थांबलं नसतं.

आज लॅव्हेलसाहेब परतले. म्हणाले, "गंजला होता, तुझी मावशी गेली त्याच उन्हाळ्यात काढला. पडू नये कोणी, म्हणून तर साखळी लावली होती." मग पाटी का ठेवली, असं विचारलं. "तपासणीला पाटी लागते," म्हणाले.

अजून एक. संध्याकाळी लिल आणि ॲग्नेस माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. लिल ॲग्नेसला म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी तुला सांभाळून घेतलं. त्या दिवशी तिच्या नावाला तूच ओ दिलीस, हे कधी तोंडातून काढलं नाही." ॲग्नेसच्या हातातला कप खाली आला. "मी? लिल, मला धुरानं आवाजच फुटत नव्हता. मी तर समजत होते तू." दोघींपैकी कोणीच नव्हतं.

नोरीन

---

ट्रॉनमोर
१९ नोव्हेंबर

नोरीन,

मी साठ जणींना आणि माझ्या बहिणीच्या लेकीला नदीत पाठवत होते. सुवाच्य अक्षरात. दोन वर्षांत कोणी पायऱ्या चोरल्या असतील हे मला सुचलं नाही, कारण मी इतकी बरोबर होते की मला तपासायची गरजच वाटली नाही. लॅव्हेलला मी जे म्हणणार आहे ते तोंडावर म्हणेन, कागद फाटेल.

लिलला आणि ॲग्नेसला सांग, त्यांनी एकमेकींना संशयात ठेवून जी वर्षं घालवली ती माझ्या खाती. मी त्याच दिवशी दहा मिनिटांत उत्तर देऊ शकले असते.

तो आवाज डीलियाचा होता. मला तेव्हाच कळलं होतं, मागच्या पत्रातही मी ते लपवलं. मी रोज सकाळी एकसारख्या खोट्या आवाजातले "हजर" ऐकायचे, लिलचा कोणता, ॲग्नेसचा कोणता, मला झोपेतही ओळखू आले असते. त्या दिवशीचा खरा होता. धापा टाकणारा. मला इतकं बरं वाटलं की मी वर पाहिलं नाही, खूण केली. डोकं वर केलं असतं तर दिसलं असतं की तिच्या जागी कोणी उभं नाही. तेव्हा ती वर जिवंत होती की नव्हती, मला माहीत नाही. हाक मारली की हजर म्हणायचं, एवढंच आम्ही तिला शिकवलं होतं.

तपासणी अधिकारी मंगळवारी येतोय, त्यांचं पत्र आलं. वेदीवरच्या यादीची बातमी जिल्ह्यापर्यंत गेली म्हणे. मी सोमवारच्या बसनं येते. १९४९ चं सगळं त्याला सांगणार आहे, कुलूप माझं होतं इथपासून. तू मध्ये पडायचं नाहीस.

इमेल्डा

---

किलवारा
२९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तू गेलीस आणि घर सुनं झालं. लॅव्हेलसाहेब कालपासून "प्रकृतीच्या कारणानं" रजेवर आहेत. तू त्यांना 'पायऱ्या मोजून दाखव' म्हणालीस आणि ते खरंच दाराकडे गेले, ते तोंड मी जन्मात विसरणार नाही. पण हसू नाही आलं. अधिकारी लिहून घेत होता आणि तू १९४९ चं सांगत होतीस, तेव्हा लिलनं येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवला, ते तुला कळलं का माहीत नाही. तू वळली नाहीस.

नवा जिना मार्चपर्यंत होईल म्हणतात. तोवर तिसऱ्या मजल्यावर कोणी बसणार नाही. मशिनी तळमजल्यावर आणल्या, गोदामाच्या मोठ्या दाराशेजारी. दार दिवसभर उघडं असतं. गारठतो, पाय सुन्न होतात. ॲग्नेस म्हणते, मेल्यावर तरी ऊब मिळेल अशी आशा होती. बंद करा असं मात्र कोणी म्हणत नाही.

आज कवायत झाली. दीड मिनिट. आवाजावर माझा भरवसा राहिला नाही, म्हणून मस्टर हातात घेतलंच नाही. ओळीनं गेले, प्रत्येकीचा हात हातात घेतला आणि तिनं दाबल्यावरच सोडला. ब्रिजीचे हात खरबरीत, लिलच्या बोटाला सुई टोचलेली, ॲग्नेसनं इतका जोरात दाबला की मी ओरडले.

साठ हात. एकसष्टावा माझा, तो लिलनं धरून ठेवला.

ओळ मोडायला सांगण्याआधी मी थोडी थांबले. सगळ्याच थांबल्या. कुठूनच "हजर" आलं नाही.

तुझी नोरीन